गल्लीचं रक्त

ता. १९ नोव्हेंबर, बुधवार

चि. धाकट्यास,

ताईचा आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघा तेवढा सोडून. तू बरा आहेस का हे यावेळी विचारत नाही. तू बरा झालास हे पेपरातच छापून आलंय. न्हाव्याने ते कात्रण दुकानातल्या आरशाला चिकटवलंय. फोटोत डॉक्टरमंडळी दात दाखवून उभी आहेत, तू पाठमोरा, आणि खाली लिहिलंय, रुग्णाच्या विनंतीवरून नाव दिलेलं नाही. आम्हाला नाव कशाला लागतंय? तो डावीकडे झुकलेला खांदा मी आंधळी झाले तरी ओळखेन. लहानपणी दवाखान्यात नेताना त्याच हाताला धरून ओढत नेलंय तुला.

पत्र बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन केला की तू "ताई, मीटिंगमध्ये आहे" म्हणतोस. कागदाला मीटिंग सांगता येत नाही. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, पण चौथीत माझी शाळा सुटली ती तुझ्या रक्ताच्या बाटल्यांपायी. तेव्हा वाचायचे कष्ट आता तू घे.

इकडची खबर. आमच्या लॉन्ड्रीच्या शेठने वाफेची नवी इस्त्री आणलीय. चादर एका दमात सपाट होते, पण हात पोळतो तो जुन्यासारखाच. न्हाव्याने नवे दात बसवले, त्यामुळे बोलताना शिट्टी वाजते आणि तरी तो बोलायचा थांबत नाही. पैलवान आजोबा झाला. सुतारकाका अजून दर महिन्याला दारात येऊन विचारतात, "या खेपेला नंबर कुणाचा?" मी सांगते, काका, नंबर संपले, त्याला आता रक्त लागत नाही. ते "हो का, हो का" म्हणतात आणि पुढच्या महिन्यात पुन्हा येतात. माणूस इतकी वर्षं एका कामाला जुंपला की सुटल्यावर त्यालाच कळत नाही कुठे जावं. शेवटी मी त्यांना त्या लाल रिबीनवालीसाठी पाठवलं. आठवते ना, तुझ्या शेजारच्या खाटेवरची? तिच्या हृदयावर रक्तातलं लोखंड बसलंय, म्हणून तिला ही तुझी नवी ट्रीटमेंट देत नाहीत. तिची आई मला विचारते, तुमच्या भावाला कसं काय मिळालं हो? मी काय सांगणार? चाचणीत त्याचा नंबर लागला म्हणाले. ती म्हणाली, असेल, एकेकाचं नशीब. पण माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच तिच्या पोरीची जागा पळवली.

तू सहा महिन्यांचा असताना डॉक्टरने आईला सांगितलं होतं, थॅलेसेमिया आहे, फार जीव लावू नका. आईने लावला. मला तर कुणी विचारलंच नाही. आधी नुसतं रक्त होतं. मग कळलं, त्या रक्तातलंच लोखंड अंगात साठून मारतं. मग ते काढायला पोटाला टोचायचा पंप आला. तुझ्या पोटावर गाठी उठायच्या आणि तू मला लाथा मारायचास. मग पाण्यात विरघळवायची गोळी आली, खडूची भुकटी प्यायल्यासारखी, तीही मीच घुसळायची. मग नुसती गिळायची आली. मध्येच तुझं अंग परक्या रक्ताशी भांडायला लागलं, आणि बारीक जुळणी करून गल्लीतल्या मोजक्यांचंच चालायला लागलं. दर वेळी मला वाटायचं, आता याच्यापुढे काय शोधणार आहेत! आणि मग हे. तुझंच रक्ताचं बियाणं काढून घेतलं, कुठेतरी नेऊन त्यातली खोट दुरुस्त केली, आत उरलेलं सगळं औषधाने जाळून टाकलं आणि दुरुस्त केलेलं परत सोडलं. एवढीशी पिशवी होती. मी काचेच्या बाहेरून बघत होते. इतक्या वर्षांच्या बाटल्या एकावर एक रचल्या असत्या तर आपल्या घराच्या वर गेल्या असत्या, आणि हे तळहाताएवढं. मी त्या काचेवर डोकं टेकून रडले होते. नर्स म्हणाली, "बाई, काच पुसावी लागते आम्हाला."

बरं. आता तुझ्या पत्राचं.

लग्न ठरवतोयस. फार चांगलं. मुलगी ऑफिसातली आहे, स्वभावाने सरळ आहे, हेही चांगलं. तिच्या घरचे एखाद दिवस आपली गल्ली बघायला येतील, तर तुझ्या आजाराचा कुणी चकार शब्द काढायचा नाही, असं तू लिहिलंस. "ताई, तेवढं बघ." तेवढं! धाकट्या, या गल्लीत असा एक धडधाकट माणूस नाही ज्याने तुझ्यासाठी दंडात सुई खुपसून घेतली नाही. पैलवान सुई बघून आडवा झाला होता, तोही पुन्हा पुन्हा गेला. पेपर टाकणारा, शाळेची शिपाईण, दूधवाला, त्याचा मेहुणा, सगळे. माझंच तेवढं कधी घेतलं नाही. तुझ्यात जी खोट ती माझ्यात अर्धी, अंगात रक्त नेहमीच कमी. म्हणून मी दारोदार फिरून दुसऱ्यांचं मागत राहिले. आणि आता त्याच दारांवर जाऊन सांगायचं, की तुम्ही काही दिलंच नव्हतं.

सांगेन. तू म्हणतोस तर सांगेन.

पण एक विचारते. डॉक्टरीणबाईंनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. कागदावर गोल काढले होते त्यांनी. दुरुस्त झालं ते फक्त रक्त बनवणारं. मूल व्हायचं जे, ते औषध द्यायच्या आधी काढून गोठवून ठेवलंय, आणि ते जुनंच आहे, खोटीसकट. म्हणून लग्नाआधी मुलीचं रक्त तपासायचं. तिच्यात माझ्यासारखी अर्धी खोट निघाली, तर होणारं मूल तुझ्यासारखं निघायची शक्यता निम्मी. तू मान डोलवत होतास, मी बघितलं. आणि आता लिहितोस, "ते नंतर बघू, आत्ता विषय काढला तर मोडेल." नंतर म्हणजे कधी? पोर पिवळं पडल्यावर? तेव्हा सुतारकाकांना पाठवू का परत?

मला बघायला आले होते ते तुला आठवत नसेल. आईने बजावलं होतं, भावाचं बोलू नकोस. मी चहा ठेवला आणि म्हटलं, माझ्या भावाला रक्त द्यावं लागतं, लग्नानंतरही मी त्याला घेऊन जाणार. त्यांनी चहा अर्धा ठेवला. आईने मला दोन दिवस तोंड दाखवलं नाही. मला त्याचं काही वाटत नाही. ज्याला अर्धा चहा जड झाला, त्याला मी आख्खी कशी झेपले असते?

तुझ्या पत्रातल्या शेवटच्या ओळीबद्दल मी काही लिहीत नाही. वाचली एवढंच.

जेवत जा. हात धूत जा, अजून वर्षभर जपायला सांगितलंय.

तुझी ताई


ता. ३० नोव्हेंबर, रविवार

चि. धाकट्यास,

आशीर्वाद. माझ्या एवढ्या मोठ्या पत्राला तू मोबाईलवर अंगठा पाठवलास. पोचला.

काम केलं तुझं. सगळ्या गल्लीच्या तोंडाला कुलूप घातलंय. न्हाव्याकडचं कात्रण काढायला लावलं. तो म्हणाला, "अहो, आमची ती एकच गोष्ट पेपरात आलीय!" मी म्हटलं, पेपरात नाव नाही, मग तुझं काय आलंय त्यात? त्यावर बिचाऱ्याने ते नखाने सोलून काढलं आणि गल्ल्यात ठेवलं. पैलवानाला वाटलं तुझ्यावर पोलिसांची केस वगैरे झालीय. म्हणाला, "ताई, घाबरू नका, मी त्याला ओळखतच नाही म्हणून सांगेन." सुतारकाकांना मात्र पटलं नाही. त्यांनी रंधा खाली ठेवला आणि विचारलं, "यात लपवण्यासारखं काय आहे गं? चोरी केली का त्याने?" मी म्हटलं, काका, तुम्ही नुसतं बोलू नका. ते म्हणाले, "बरं. मग मी बोलायचंच नाही असं सांगितलंय, एवढं सांगेन." म्हाताऱ्याशी कोण डोकं लावणार?

एक विचारायचं राहिलं. तुझ्या गळ्याखाली, कॉलरच्या आत, नळी घातली होती तिचा व्रण आहे ना, तो कसला म्हणून सांगितलायस तिला? सहज विचारते. आमचं सांगणं आणि तुझं सांगणं एक असावं म्हणून. हे आधीच लिहायला हवं होतंस. कुलूप घालायला सांगतोस आणि चावी कुठल्या खिशात ठेवलीस ते सांगत नाहीस.

इकडे कुणी आलं नाही. म्हणजे येणार कोण? लॉन्ड्रीत माणसं येतात ती कपडे घेऊन. एक शाल पडून आहे फळीवर, तपकिरी, चांगली उबदार. न्यायला अजून कुणी आलं नाही. असू दे.

परवा डॉक्टरांच्या कोटांचा गठ्ठा आला, त्यात एकाच्या बाहीवर रक्त. नव्या पोरीने ते सरळ गरम पाण्यात टाकलं. मी अशी ओरडले की शेठ बाहेर आला. रक्ताचा डाग गार पाण्यात निघतो, हळूहळू, चोळत बसावं लागतं. गरम पाणी पडलं की तो जन्माचा बसतो. पोरगी म्हणाली, "मला घाई होती." मी तिला फार बोलले. एवढं बोलायला नको होतं.

धाकट्या, ऐक. तिला तू स्वतः सांगून टाक. या आठवड्यात सांग. अजून वेळ आहे असं समज आणि सांग. आपण होऊन सांगितलेल्याला काहीतरी मान असतो. मी विनवते असं समजू नकोस, मला विनवता येत नाही. इतकी वर्षं लोकांकडे रक्त मागितलं तेही दम देऊनच मागितलं.

हात दुखतोय, पुरे करते.

ताई


ता. ११ डिसेंबर, गुरुवार

धाकट्या,

तू सांगितलं नाहीस. मला ठाऊक आहे, कसं ते पुढे येईल. काल तुझा फोन आला तो मी घेतला नाही. तू काय ओरडणार ते मला ठाऊक होतं आणि मला काय सांगायचं ते फोनवर सांगता आलं नसतं.

मागच्या पत्रात मी लिहिलं, कुणी आलं नाही. ते खोटं होतं. ती येऊन गेली होती.

एकटीच आली. घरच्यांना बरोबर न घेता, तुला न सांगता. तू जिथे वाढलास ती गल्ली बघायची होती तिला, आणि परत जाऊन तुला चकित करायचं होतं. चष्मा, साधे कपडे, पायात चालायचे बूट. आधी शिरली न्हाव्याच्या दुकानात, कारण तोच दारात उभा होता. पुढचं मला न्हाव्यानेच सांगितलं, कपाळ बडवत.

तिने विचारलं, "त्यांचा तो अपघात कुठे झाला होता हो? याच रस्त्यावर का?"

न्हाव्याला आजाराचं बोलायचं नाही एवढंच माहीत. अपघाताचं त्याला कुणी सांगितलेलं नाही, मलाही तू सांगितलं नव्हतंस. तो म्हणाला, "अपघात? छे छे! त्याला आयुष्यात कधी काही झालं नाही. साधी सर्दी नाही. दवाखान्याची पायरी चढला नाही पोरगा!"

"मग गळ्याखाली एवढा व्रण आहे तो?"

तेवढ्यात पैलवान दाढीला बसलेला, तोंडभर साबण, त्याला वाटलं आता आपण सावरून घ्यावं. "हो हो, अपघात झाला ना! मोठा झाला. सायकलवरून पडला. नाही, झाडावरून."

ती हसली म्हणे. तिला आधी गंमतच वाटली. मग समोरच्या दारात सुतारकाका दिसले, त्यांना विचारायला गेली. काका म्हणाले, "पोरी, मला बोलायचं नाही असं सांगितलंय. लॉन्ड्रीत जा, तिला विचार." तिथे तिचं हसू गेलं.

अशी ती माझ्याकडे आली. मी कॉलरींवर इस्त्री फिरवत होते. तिने नाव सांगितलं तेव्हा मला कळलं. आणि ऐक, मी तयार होते. न्हाव्याचं पोरगं धावत येऊन सांगून गेलं होतं की अपघाताचं काहीतरी विचारतायत. मी मनात जुळवून ठेवलं होतं, की हो, लहानपणी झाला, न्हावी तेव्हा इथे नव्हता, पैलवानाचं डोकं ठिकाणावर नसतं. तुझं खोटं मी निभावून नेणार होते. आईची शपथ घालून सांगते, नेणार होते.

तिने पिशवीतून शाल काढली. ती तपकिरी शाल. माझ्या इस्त्रीच्या टेबलावर ठेवली, दोन्ही हातांनी, चांगल्या घरच्या पोरी ठेवतात तशी. आणि म्हणाली,

"मावशी, तुम्ही त्यांच्याकडे कामाला होतात ना? ते तुमचं फार सांगतात. आईवडील गेल्यावर तुम्हीच त्यांचं सगळं बघितलंत म्हणे. सख्खं तर त्यांना कुणीच नाही."

तुझ्या पत्रातली शेवटची ओळ मी वाचली होती. "त्यांना मी सांगितलंय की मला सख्खं कुणी नाही, तेव्हा लग्नात तू गल्लीतल्या लोकांबरोबर बस, पुढे हळूहळू सांगू." ती मी गिळली होती. इस्त्री करणारी, चौथीत शाळा सुटलेली बहीण ऑफिसच्या लोकांसमोर नको वाटत असेल, म्हटलं असू दे, पोराला मिरवायचंय, मिरवू दे. पण कामाला होते हे नवीन होतं. आणि तुझा आवाज माझ्या कानात आला, तू हे कसं सांगितलं असशील तो. प्रेमाने सांगितलं असशील. "बिचारी फार करायची माझं." असंच ना?

मी इस्त्री उभी केली. तिला स्टुलावर बसवलं आणि सगळं सांगितलं.

पहिल्यापासून सांगितलं. बाटल्या, पंप, गाठी, पिवळे डोळे. गल्लीतलं कोण कोण रक्त द्यायला खाटेवर झोपलं. काचेची खोली. पेपरातला पाठमोरा माणूस. आणि डॉक्टरीणबाईंनी काढलेले गोल मी तिला काढून दाखवले, शेठच्या पावतीपुस्तकाच्या मागे. तिने मध्ये एकदाच विचारलं, "हे त्यांना माहीत आहे? मुलांचं?" मी म्हटलं, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून ऐकलंय त्याने.

तिने चष्मा पुसून परत घातला. मग म्हणाली, "तुम्ही हे मला का सांगितलंत?"

मी म्हटलं, "तुझ्या भल्यासाठी गं बाई. उद्या तुझ्या पोराला सुया टोचतील म्हणून."

गल्लीत सगळ्यांना मी हेच सांगते. न्हाव्याला सांगितलं, पैलवानाला सांगितलं. सगळे म्हणतात, ताई, बरोबर केलंत. रिबीनवालीच्या आईने तर माझा हात धरला. एकटे सुतारकाका माझ्याकडे बघत राहिले आणि रंधा मारायला लागले.

तुला खरं सांगते, कारण ते ऐकायचा हक्क तुलाच आहे. तिच्या भल्याचं माझ्या मनात तेव्हा काही नव्हतं. तिने नुसतं "तुम्ही ताई ना?" म्हटलं असतं तर मी तिला झाडावरून पडलेली गोष्ट सांगून, चहा पाजून, शाल खांद्यावर घेऊन वाटेला लावलं असतं. आणि उद्या तिचं पोर पिवळं निघालं असतं तरी मी तुझ्या बाजूने उभी राहिले असते. एवढी मी तुझी आहे. होते. मी सांगितलं ते मला आग लागली म्हणून सांगितलं. गरम पाणी घातलं मी. गोष्ट योग्य होती आणि मी ती वाईट मनाने केली. हे दोन्ही खरं आहे आणि त्यातलं एक पुसून दुसरं ठेवता येत नाही. मी प्रयत्न करून बघितला.

मागच्या पत्रात तुला आपण होऊन सांग म्हणून लिहिलं, ते याचसाठी. ती तुला काही बोलली नव्हती. मला म्हणाली होती, "मी थांबते. बघू या ते स्वतः सांगतात का." मला वाटलं तू माझं पत्र वाचून सांगशील, आणि माझं सांगणं त्याच्याखाली झाकून जाईल. तू परत अंगठा पाठवलास.

ती जाताना दारात थांबून म्हणाली, "ते तुम्हाला घरी काय म्हणतात?" मी म्हटलं, "ताई." तिने मान हलवली. शाल तिने नेली नाही, मीही तिला ने म्हटलं नाही. अजून फळीवर आहे. मला थंडी वाजत नाही.

मग तिने तिचं रक्त तपासून घेतलं. स्वतःहून, कुणाला न सांगता. परवा मला फोन करून काय निघालं ते सांगितलं. आणि त्याच दिवशी तुला भेटून तिने तुला तोंडावर विचारलं, की व्रण कसला? आणि तू पुन्हा अपघात म्हणालास. हेही तिनेच सांगितलं. रडत नव्हती, आवाज अगदी कोरडा होता. त्यावरून मला कळलं की तुला तिने मग काय ऐकवलं असेल, आणि तू मला फोन का करत होतास.

तिच्या रक्तात काय निघालं, ते मला ठाऊक आहे. तुला मी सांगणार नाही. खोट असेल, नसेल. ते तुला तिलाच विचारावं लागेल. आणि विचारायचं तर आधी स्वतःचं तोंड उघडावं लागेल, त्याच्याशिवाय ती दार उघडणार नाही. तिने अजून नाही म्हटलेलं नाही, एवढं सांगते. का ते मला समजत नाही. मी असते तर कधीच म्हटलं असतं.

तू म्हणशील, ताई, तू माझं वाटोळं केलंस. म्हण. तू बरा झालास त्याचं मला सुख नाही असं समजू नकोस. तुझे तळवे गुलाबी झालेले मी बघितले त्या दिवशी मला जेवण गेलं नव्हतं. पण धाकट्या, ते जाळायचं औषध तुझ्या आत गेलं, तेव्हा सगळ्या गल्लीचं रक्त जुन्याबरोबर निघून जाईल हे मला कळलं होतं. सुतारकाकांचं, पैलवानाचं, दूधवाल्याचं. जाऊ दे, त्यासाठीच होतं ते. तू आता तुझ्या रक्ताचा आहेस. पण माणसंही जाळून टाकायची असतात असं काही डॉक्टरीणबाईंनी सांगितल्याचं मला आठवत नाही. मी तिथेच बसले होते.

ती एक दिवस तुला विचारणारच, की तुला सख्खं कोण आहे? काय सांगायचं ते तू ठरव. यावेळी मी गल्लीत कुणाचं तोंड बंद करायला जाणार नाही. न्हाव्याने कात्रण परत चिकटवलंय.

फोन करू नकोस. यायचं तर ये. दार ओळखीचं आहे, कडी आतून लावलेली नसते. न आलास तर हात धूत जा, गर्दीत जाऊ नकोस, औषधं वेळेवर घे. हे मी बहीण म्हणून सांगत नाही. इतकी वर्षं ते काम केलं, त्याची सवय आहे.

तुमच्याकडे कामाला होती,
ती बाई